रखमाजी अण्णा प्लॉट पाडतात

एक्क्याऐंशी साली जालना जिल्हा झाला आणि परतूरच्या माणसांना उगीचच बोटभर उंच झाल्यासारखं वाटू लागलं. तालुका तोच, स्टेशन तेच, मोंढ्यात कापसाच्या गाड्यांची रांगही तीच. फरक एवढाच, की पूर्वी मोठ्या कचेरीत काम अडलं की परभणीला हेलपाटे घालायचे, आता ते जालन्याला घालायचे. पण नवा जिल्हा म्हणजे जमिनीला सोन्याचा भाव येणार, हे मोंढ्यातल्या प्रत्येक चहाच्या दुकानात ठरून गेलं होतं.

रखमाजी अण्णांना हे सगळ्यांत शेवटी कळलं, कारण ते चहाच्या दुकानात बसत नसत. ते रानात असत आणि वाकलेले असत. स्टेशनच्या रस्त्याला लागून त्यांचं काळं, भारी रान होतं. त्या रानात एक दगड म्हणून राहू द्यायचा नाही, हे त्यांचं आयुष्याचं काम. दिसला दगड की उचलायचा आणि विहिरीच्या कडेला ढिगावर टाकायचा. ही सवय इतकी हाडीमाशी खिळलेली, की पुतणीच्या लग्नात वरात चाललेली असताना नवरदेवाच्या घोड्यापुढचे दगड उचलून ते बाजूला टाकत होते. घोड्याची काळजी होती असं नाही. हाताला राहवत नसे.

मी तेव्हा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते. निवृत्त होऊन आता बरीच वर्षं झाली, त्यामुळे कुणाची भीडभाड ठेवायचं मला कारण उरलेलं नाही.

अण्णांच्या डोक्यात प्लॉटचं खूळ घातलं ते भुजंगराव अडत्यांनी. मोंढ्यात त्यांचं अडतीचं दुकान, गावात शब्दाला वजन. जवारी पेरून काय मिळतं, माणसं पेरा, असं ते अण्णांना म्हणाले. अण्णांना आधी ते पटलं नाही. मग सोनूबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, जन्मभर उन्हात खुरपून काय मिळालं ते एका वाक्यात सांगितलं आणि अण्णा तयार झाले.

जालन्याहून एक आखणीवाला आला. त्याने पांढऱ्या कागदावर रानाचे चौकोन पाडले आणि मधून रस्ते काढले. अण्णांनी बोटाने एकेक चौकोन मोजला, ते त्यांना आवडले. रस्त्यांवर मात्र बोट अडलं. एवढ्या जागेत काय पिकणार, असं त्यांनी विचारलं. आखणीवाल्याने सांगितलं, की हा रस्ता आहे, तो विकायचा नसतो, तसाच सोडायचा असतो. आपली जमीन फुकट सोडायची आणि वर त्यासाठी परवानगी मागायची, हे अण्णांनी उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं.

"मी बैलगाडी घेऊन जन्मभर इथून गेलो-आलो," ते म्हणाले. "गाडीला किती रस्ता लागतो ते मला ठाव हाय."

समोरून दुसरी गाडी आली तर काय, असं आखणीवाल्याने विचारलं.

"ती थांबल की."

शेवटी कागदावर रस्ता नियमाप्रमाणे आला आणि रानात तो अण्णांच्या मापाने आला. मोकळी जागा सोडावी लागते, लेकरांना खेळायला, हे ऐकल्यावर तर अण्णा हसलेच. लेकरं रस्त्यात खेळतील असं त्यांचं म्हणणं पडलं. त्या रस्त्यात दोन लेकरं शेजारी शेजारी उभी राहिली असती तर तिसऱ्याला बांधावर बसावं लागलं असतं, पण ते असो.

'रखमाजी नगर' अशी पाटी लागली. पाटीखाली अण्णा घोंगडी टाकून बसले. पहिले कित्येक दिवस कुणी फिरकलं नाही. येणारे जाणारे पाटी वाचत, अण्णांना रामराम घालत आणि स्टेशनकडे निघून जात. अण्णांचा जीव घोंगडीवर तळमळत होता. एवढ्या वेळात एक पट्टा वखरून झाला असता, हे ते सगळ्यांना सांगत.

पहिलं गिऱ्हाईक आलं ते देवानंद गुरुजी.

गुरुजी माझ्याच शाळेतले. गणित शिकवायला त्यांच्यासारखा माणूस तालुक्यात नव्हता. पण परतुरात खोली मागायला गेले की माणसं आधी पूर्ण नाव विचारत, मग गाव विचारत, मग गावातली आळी विचारत. आणि ते बौद्ध आहेत हे कळलं, की ती खोली नेमकी कालच कुणाच्या तरी पुतण्याला कबूल झालेली निघे. त्या काळी परतुरात रिकाम्या खोल्यांपेक्षा पुतणे जास्त होते. गुरुजी आणि त्यांची बायको शिवकन्या सरकीच्या गोदामामागे एका खोलीत राहत. तिथं जायला गोदामाच्या मागच्या फटीतून वाट होती. पाहुणा आला तर त्याला आधी पाठमोरं होऊन आत शिरावं लागे.

गुरुजींनी पहिला नंबर मागितला. स्टेशन रस्त्यावरचा कोपरा. अण्णांनी आतले प्लॉट दाखवले, नाल्याकडचे दाखवले, तिकडे वारं कसं चांगलं लागतं ते सांगितलं. गुरुजींनी ऐकून घेतलं.

"मागच्या बाजूनं घरात जाणं आता पुष्कळ झालं, अण्णा," ते म्हणाले. "मला रस्त्यावर उघडणारं दार पाहिजे."

अण्णांनी टोपी काढली, पुन्हा घातली. ते काही सुधारक नव्हते. गुरुजींच्या हातचा चहा त्यांनी घेतला नसता, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि गुरुजींनाही. पण सकाळची वेळ होती आणि इतक्या दिवसांत पहिलं गिऱ्हाईक दारी आलं होतं. बोहणी परत धाडायची नाही, हा बाजाराचा कायदा अण्णांना देवाच्या कायद्याइतकाच पक्का होता. त्यांनी पहिला नंबर देऊन टाकला. सोनूबाईंनी घरी विचारलं, त्यांना कसा दिला? अण्णा म्हणाले, "बोहणी हाय."

बोहणी लागू पडली. महिन्याभरात निम्मे प्लॉट उठले. आमच्या ह्यांनी माझ्या नावाने सातवा घेतला. भुजंगरावांना कोपऱ्याचाच हवा होता. आपल्यासाठी अण्णा तो ठेवतीलच अशा भरवशावर ते राहिले आणि दुसऱ्या नंबरावर आले. शेजार कोण, हे खरेदीखतात वाचलं तेव्हा त्यांचा चेहरा मी पाहिला नाही, याची मला अजून हळहळ वाटते.

दसऱ्याला दगड रोवले. चुना फासलेले, अंगावर नंबर काढलेले दगड. प्रत्येकाने आपापल्या दगडाला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. गुरुजींनी नारळ फोडला नाही. त्यांच्या समाजात तो दिवस दीक्षेचा. त्यांनी गावच्या विहारातून पिंपळाचं रोप आणलं होतं. ते त्यांनी कोपऱ्यातल्या दगडाला अगदी लागून लावलं, भोवती बाभळीच्या फांट्या रचल्या आणि मग उन्हाळाभर सायकलच्या हँडलला पाण्याचा डबा अडकवून रोज संध्याकाळी येत राहिले. बाकी आम्ही सगळे मालक घरी बसून आपला प्लॉट कसा पूर्वेकडे तोंड करून आहे ते पाहुण्यांना सांगत होतो.

घर मात्र कुणीच बांधायला घेतलं नाही. कुणाला कर्ज मंजूर व्हायचं होतं, कुणाला मुहूर्त मिळत नव्हता. मृग आला. पाऊस झाला आणि गुरुजींची पाण्याची खेपही थांबली. काळी जमीन वाफशावर आली आणि अण्णांचं रान, जे आता अण्णांचं नव्हतं, तसंच उघडं पडून राहिलं.

इथं माणूस कसा वागेल ते सांगायला ज्योतिषी नको. अण्णांनी काही दिवस तिकडे पाहायचं टाळलं. स्टेशनला जायचं तर ते दुसऱ्या वाटेने जात. मग एका पहाटे बैल जुंपले. आधी वखर घातला, मग तिफण. आणि वखराला दगड लागायला लागले, तेव्हा त्यांनी जन्मभर जे केलं तेच केलं. एकेक दगड उपसला आणि विहिरीच्या कडेला ढिगावर नेऊन टाकला. चुना दिसत होता, नंबर दिसत होते. पण दगड तो दगड. फक्त कोपऱ्यातल्या फांट्यांपाशी येऊन त्यांनी बैल वळवले. कुणीतरी पाणी घालून वाढवलेलं झाड, त्यात पिंपळ. त्याला वळसा घालून त्यांनी सगळ्या रखमाजी नगरात तूर पेरली.

दुसऱ्या दसऱ्याला गुरुजींना पाया खणायचा होता. आम्हीही सगळे आपापले दगड पुजायला हळदकुंकू घेऊन गेलो. समोर डोक्याइतकी तूर. पिवळी फुलं लागलेली. रस्ते नाहीत, दगड नाहीत, पाटीवर वेल चढलेला. अण्णा मधून पानं बाजूला सारत बाहेर आले आणि तूर कशी झाली ते आम्हालाच विचारू लागले.

"अण्णा, आमचे प्लॉट कुठं गेले?" मी विचारलं.

"कुठं जातेत, बाई? हितंच हायेत. खाली. रान पडीक ठिवू का? पडून राह्यलं की हराळी माजती. तूर निघू द्या, मंग दगड लावून देतो बराबर."

लाज वाटली पाहिजे होती ती अण्णांना. पण प्लॉटवाल्यांचा राग अर्ध्या तासात उतरला, कारण भुजंगरावांनी मुद्दा काढला, की ज्याच्या प्लॉटात तूर त्याची तूर. हे सगळ्यांना एकदम पटलं. मग माझी तूर कुठपर्यंत आणि तुमची कुठून, यावर शिकलीसवरलेली माणसं तिथंच, हातात कुंकवाचे करंडे घेऊन, भांडू लागली. खरेदीखतं निघाली. माझ्या खतात पूर्वेला आठवा नंबर, आठव्याच्या खतात पश्चिमेला सातवा. आम्ही एकमेकांच्या शेजारी आहोत हे कायद्याने सिद्ध झालं होतं. दोघं मिळून कुठं आहोत, ते कुणालाच सांगता येत नव्हतं.

तूर निघाली. कुणाच्या घरी किती गेली ते सोडून देऊ. संक्रांतीनंतर मोजणीवाले साहेब साखळी घेऊन आले. त्यांनी बांधावरून मोजायला सुरुवात केली आणि डोक्याला हात लावला. अण्णांनी आणि शेजाऱ्याने गेली तीस वर्षं एकमेकांचा बांध दर साल थोडा थोडा कोरला होता. तो बांध चालत चालत मूळ जागेपासून कुठं आला होता, ते बांधालाच ठाऊक. या बाजूने मोजलं तर शेवटचे प्लॉट नाल्यात जात, त्या बाजूने मोजलं तर पहिले प्लॉट रस्त्यावर येत. साहेबांनी साखळी गुंडाळली आणि सांगितलं, की सगळ्यांना कबूल असा एक पक्का दगड दाखवा, नाहीतर सगळ्यांनी संमती देऊन नव्याने आखणी करून घ्या.

नव्याने, हा शब्द भुजंगरावांनी झेलला. रानातच, धसकटांत उभं राहून त्यांनी सगळ्यांना समजावलं. आता पुन्हा आखायचंच आहे तर नीट आखू. सारख्या सारख्या माणसांचा शेजार असला की पुढं कटकट राहत नाही. गुरुजींना नाल्याकडे चांगली मोठी जागा देऊ, कोपऱ्याहून वीत दोन वीत जास्तच. त्यांना शांतताही मिळेल, वाचायला. माना हलल्या. मी म्हणाले, की वाचायला शांतता लागते तर तुम्हीच जा नाल्याकडे, हिशेब तरी नीट लिहाल. ह्यांनी माझा पदर ओढला. बाकी कुणी ऐकल्याचं दाखवलं नाही. संमतीचा कागद भुजंगरावांनी घरूनच लिहून आणलेला होता. सगळ्यांच्या सह्या हव्या होत्या, गुरुजींचीही.

सगळे अण्णांकडे पाहू लागले. अण्णांचा भुजंगरावांच्या अडतीशी जन्माचा व्यवहार. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

"बोहणीचं गिऱ्हाईक हाय ते," अण्णा म्हणाले. "त्याला मी हलवनार न्हाई. त्याचं ते हलत आसंल तर हलू द्या."

गुरुजींनी कागद वाचला, गणिताचा पेपर तपासावा तसा, शेवटपर्यंत. आणि परत दिला.

"मी सही करणार नाही. माझा प्लॉट आहे तिथंच आहे."

"तिथं म्हंजे कुठं?" भुजंगराव म्हणाले. "दगड दाखवा की गुरुजी. दगड कुठाय?"

गुरुजी चालत कोपऱ्यापर्यंत गेले. वाळलेल्या बाभळीच्या फांट्या हातांनी ओढून काढल्या. काटे लागले, रक्त आलं. आत पिंपळाचं रोप कमरेएवढं झालेलं आणि त्याच्या बुडाशी चुना फासलेला दगड, अंगावर एकचा आकडा. अण्णांचा वखर त्याला वळसा घालून गेला होता. रानातला एकुलता एक दगड, जो आपल्या जागेवर होता.

मोजणीवाल्यांना कुणाच्या शेजाराशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांनी साखळीचं टोक त्या दगडावर ठेवायला सांगितलं. भुजंगरावांनी शेवटचा प्रयत्न केला. राहत्या वस्तीत पिंपळ अशुभ असतो, तो उपटलाच पाहिजे, असं ते म्हणाले. उपटा, असं गुरुजी म्हणाले. आणि मग ती मजा झाली. भुजंगरावांनी गड्याकडे पाहिलं, गड्याने अण्णांकडे पाहिलं, अण्णांनी आभाळाकडे पाहिलं. पिंपळाला हात लावायला त्या गर्दीत एकही हात पुढे आला नाही. आणि पिंपळ असलेला कोपरा आता कुणालाच नको होता. फुकट दिला तरी नको होता. म्हणून गुरुजींचा कोपरा गुरुजींना राहिला. न्याय झाला, पण न्याय करावा म्हणून तो कुणीच केला नाही, याचा मला तेव्हा फार राग आला होता. अजून येतो.

सगळं रखमाजी नगर गुरुजींच्या दगडापासून मोजलं गेलं. पहिलं घरही त्यांचंच झालं. दार स्टेशनच्या रस्त्यावर. वास्तूच्या जेवणाला गुरुजींनी सगळ्यांना बोलावलं. अण्णा धुतलेलं धोतर नेसून आले, भिंतींवरून हात फिरवला, चौकटीला टिचकी मारून लाकूड पाहिलं. शिवकन्येने ताट केलं तेव्हा म्हणाले, "आज उपास हाय." त्या दिवशी निम्म्या कॉलनीला उपवास होता. वार बुधवार. मी पोटभर जेवले आणि श्रीखंड दुसऱ्यांदा मागून घेतलं.

पुढं घरं होत गेली. नव्वदनंतर तर भराभर. अण्णांना विकायचा नाद लागला तो सुटला नाही. मोकळी जागा विकली. मग विहीर बुजवून तिच्यावर एक प्लॉट काढला. विहिरीच्या कडेचा जन्मभराचा दगडांचा ढीग, त्यात आमचे सगळ्यांचे नंबर, त्या विहिरीत गेला. नाल्याकडचा प्लॉट तेवढा कुणी घेईना, तिथं अण्णांनी स्वतःचं घर बांधलं. वारं चांगलं लागतं, असं आता ते स्वतःलाच सांगत. सोनूबाई त्या घरात फार दिवस राहिल्या नाहीत. त्या गेल्यावर अण्णा रोज सकाळी कॉलनीतून वाकून चालत आणि लोकांच्या दारापुढची खडी उचलत. बांधकामवाले त्यांच्यावर ओरडत.

पिंपळ वाढला. भुजंगरावांच्या चांगुणाबाईंना कुणीतरी शनिवारी पिंपळाला फेऱ्या घालायला सांगितलं आणि जवळपास दुसरा पिंपळ नव्हता. तेव्हापासून दर शनिवारी त्या ओलेत्याने गुरुजींच्या फाटकापाशी उभ्या राहत आणि शिवकन्या कडी काढी. चहा विचारी. चांगुणाबाईंना शनिवारचाही उपवास असे.

दोन हजारच्या पुढचा एक उन्हाळा. नळ कधीच आटलेले. टँकर येई, पण अण्णांनी आपल्या मापाने सोडलेल्या रस्त्यात तो शिरत नसे. तो स्टेशन रस्त्यावर, गुरुजींच्या कोपऱ्यावर, पिंपळाखाली उभा राही आणि सगळी कॉलनी तिथं हंडे घेऊन येई. सगळ्यांत लांबून यावं लागे ते नाल्याकडच्या माणसाला. अण्णांनी ऐंशी ओलांडली होती. बादली घेऊन आले, रांगेत उभे राहिले आणि एकदम खाली बसले. तोंडाला कोरड पडलेली, डोळे फिरलेले. आम्ही त्यांना सावलीत ओढलं. शिवकन्या तांब्या घेऊन आली, सोबत गुरुजी.

अण्णांनी तांब्याकडे पाहिलं. हंडे खाली ठेवून रांग पुढे सरकली. त्यात चांगुणाबाई होत्या, भुजंगरावांच्या सुना होत्या, मी होते.

"हे पानी आपल्या इहिरीचंच ना?" अण्णांनी विचारलं.

हो म्हणणं सोपं होतं. मला वाटलं गुरुजी म्हणतील.

"विहीर बुजली, अण्णा. तुम्हीच दगड टाकले," गुरुजी म्हणाले. "पाणी टँकरचं आहे आणि तांब्या आमच्या घरचा आहे."

अण्णांचा हात डोक्याकडे गेला. टोपी कुठंतरी पडली होती. हात तसाच खाली आला.

"पुष्पाबाई," ते मला म्हणाले, "आज वार कोन्ता हाय?"

"बुधवार," मी सांगितलं.

त्यांनी दोन्ही हात पुढे केले आणि तांब्या घेतला.

"बुधवारी कसला आलाय उपास," अण्णा म्हणाले, आणि तांब्या तोंडाला लावला.